झरणी : जुन्या झरण्यांची ओळख व दुरुस्ती

झरणी : आपल्या पोटात शाईचा साठा बाळगून ती निबेकडे आपोआप व बेताने पुरविणारी लेखणी. फाउंटन पेन या नावाने ती सर्वपरिचित आहे. बोरू व टाक यांना काही शब्दांनंतर पुन्हा दौतीकडे वळावे लागते. झरणीने लेखन व दौत यांची ही फारकत घडवून आणली. बॉलपेनच्या प्रसारानंतर झरणी नित्य वापरातून मागे पडली. तथापि जुन्या घरांतील पेट्या, वकिलांची कपाटे, शाळांची दप्तरे यांतून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील झरण्या अद्याप बाहेर पडत असतात आणि त्या पुन्हा लिहित्या कराव्यात, अशी इच्छा घरच्या मंडळींना होते. अशा वेळी झरणी प्रथम गरम पाण्यात टाकली जाते, नंतर स्पिरिटने पुसली जाते आणि शेवटी पकडीने पिळली जाते. जुन्या झरण्या वापराने झिजल्या त्यापेक्षा अशा उपचारांनी अधिक निकामी झाल्या, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. झरणी कोणत्या द्रव्याची आहे व तिच्यात शाई कशी भरली जाते, हे दोन प्रश्न सुटल्याखेरीज तिला हत्यार लावणे योग्य नव्हे.

रचना व कार्य : झरणीचे मुख्य भाग पाच : टोपण, शाई राहणारी दांडी, बोटांनी धरावयाचा पुढील पकड-भाग, त्यात घट्ट बसविलेली निब व निबेच्या पोटाशी लागून असलेली जीभ. जिभेवर उभ्या बारीक खाचा असतात. केशाकर्षणामुळे शाई या खाचांतून निबेच्या चिरेत व तेथून कागदावर उतरते. दांडीतून जेवढी शाई बाहेर जाते तेवढी हवा आत शिरली पाहिजे. अन्यथा आत निर्वात निर्माण होऊन प्रवाह थांबतो. शाईला खाली व हवेला वर अशी एकाच अरुंद मार्गाने वाट देणे, ही झरणीच्या रचनेतील खरी अडचण होती. पेत्राके पोएनारू या रूमानियन विद्यार्थ्याने १८२७ मध्ये फ्रान्समध्ये झरणीचे एकस्व मिळविले होते. परंतु भरवशाची झरणी लुइस एडसन वॉटरमन यांच्या १८८४ च्या अमेरिकी एकस्वानंतरच प्रचारात आली. वॉटरमन यांनी जिभेवर कोरलेल्या सूक्ष्म चिरांमुळे शाई व हवा यांची अदलाबदल नियमित झाली. आजही ‘पेन चालत नाही’ किंवा ‘पेन गळते’ या दोन्ही तक्रारींचे मूळ बहुधा याच अदलाबदलीतील बिघाडात सापडते.

स्वदेशी झरणी : विदर्भातील वाचकाला या विषयाचा जवळचा दाखला वर्ध्यात मिळतो. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना डिसेंबर १९३४ मध्ये झाली व त्याचे कार्य वर्ध्याच्या मगनवाडीतून जे. सी. कुमारप्पा पाहू लागले. आंध्रातील राजमहेंद्री येथील के. व्ही. रत्नम यांनी तयार केलेली झरणी कुमारप्पांच्या द्वारे महात्मा गांधींकडे पोहोचली. गांधीजींनी ती वापरून पाहिली आणि जुलै १९३५ मध्ये रत्नम यांना पत्र लिहून तिच्याविषयी समाधान व्यक्त केले. बाजारातील परदेशी झरण्यांना ती चांगला पर्याय आहे, असा त्यांचा अभिप्राय होता. शाईच्या क्षेत्रात मुंबईच्या दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये शाईची भुकटी व वड्या यांपासून आरंभ केला. पुढे ‘कॅम्लिन’ या नावाने प्रसिद्धीस आलेला उद्योग तो हाच. या स्वदेशी परंपरेतील लेथवर कातलेल्या, ड्रॉपरने शाई भरावयाच्या जाड एबोनाइटच्या झरण्या हा भारतीय झरण्यांचा ठळक प्रकार होय. वाशीम, कारंजा, रिसोड यांसारख्या गावांतील जुन्या घरांत परदेशी झरण्यांच्या जोडीला अशी झरणी हाती लागण्याचा संभव असतो. तिच्यावर सोनेरी कडी नसते, तरफ नसते, कधी नावही पुसलेले असते. म्हणून ती क्षुल्लक समजून टाकून दिली जाते. वस्तुतः दुरुस्तीला इतकी सुलभ झरणी दुसरी नाही.

कातीव झरणी ओळखण्याची खूण टोपणाच्या आत असते. आत प्रकाश टाकला असता हत्याराच्या वर्तुळाकार बारीक रेषा दिसतात. साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकच्या झरणीत त्या नसतात. तिच्या अंगावर मात्र बहुधा साच्याच्या सांध्याची पुसट उभी रेषा आढळते.

द्रव्याची ओळख : एबोनाइट म्हणजे गंधकाचे मोठे प्रमाण (वजनाने सु. ३० टक्के) मिसळून तापविलेले कठीण रबर. १९२० पूर्वीच्या बहुतेक झरण्या त्याच्या असत व भारतीय कारागीर त्यानंतरही दीर्घकाळ तेच वापरीत आले आहेत. अंगठ्याने जोराने घासल्यास त्याला गंधकाचा वास येतो. उजेड व ओलावा यांमुळे पृष्ठभागावरील गंधकाचे ऑक्सिडीभवन होते आणि काळा रंग प्रथम शेवाळी व नंतर तपकिरी होतो. अशी झरणी पाण्यात भिजत ठेवल्यास, विशेषतः पाणी गरम असल्यास, एका रात्रीत तिचा रंग कायमचा उतरू शकतो. घासून चकाकी आणण्याचा मोहही आवरावा, कारण त्यामुळे दांडीवरील कोरलेले नाव व नक्षी झिजून जाते आणि ओळखीचा एकमेव लेखी पुरावा नष्ट होतो.

सेल्युलॉइडच्या झरण्या अमेरिकेत शेफर कंपनीने १९२४ पासून प्रचारात आणल्या. मोत्यासारखी चमक, संगमरवरी छटा, पारदर्शक पट्टे ही त्यांची वैशिष्ट्ये. टोपण काढताच कापराचा मंद वास येतो, कारण सेल्युलॉइडमध्ये कापूर हा घटक असतो. हे द्रव्य अत्यंत ज्वालाग्राही आहे. तापलेली सुई टोचून द्रव्य ओळखण्याची जी रीत काही जण सांगतात, ती येथे धोक्याची आहे आणि एरवीही झरणीला कायमचा डाग देणारी आहे. स्पिरिट व ॲसिटोन यांनी सेल्युलॉइड मऊ पडते. आतील रबरी पिशवीतून निघणाऱ्या गंधकयुक्त वायूंमुळे फिकट सेल्युलॉइड काळपट-पिवळे होते; हा बदल उलटविता येत नाही.

दुधातील केसिनपासून केलेल्या झरण्या मुख्यत्वे इंग्लंडमध्ये झाल्या. रंग विलक्षण सुंदर, परंतु पाण्याचे वावडे : भिजल्यास केसीन फुगते, मऊ होते व वाळताना त्याला जाळीदार भेगा पडतात. रंगीबेरंगी जुनी झरणी सेल्युलॉइडची की केसिनची याचा निर्णय होत नसेल, तर ती पाण्यात बुडवू नये. एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ हानी टळते. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ॲक्रिलिक द्रव्ये आली. पार्कर कंपनीची १९४१ साली प्रचारात आलेली ‘५१’ ही झाकलेल्या निबेची झरणी त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. तिच्या धर्तीवरील चिनी झरण्या भारतीय बाजारात विपुल आल्या, म्हणून केवळ झाकलेल्या निबेवरून निष्कर्ष काढू नये. टोपणावरील व दांडीवरील छाप वाचावा.

शाई भरण्याची यंत्रणा : सर्वांत साधी पद्धत ड्रॉपरची. पकड-भाग आट्यांवरून फिरवून काढावयाचा व दांडीत थेट शाई ओतावयाची. पुढे स्वतः शाई ओढून घेणाऱ्या झरण्या आल्या. वॉल्टर शेफर यांच्या १९०८ च्या एकस्वानुसार दांडीच्या कडेला तरफ असून ती उचलली की आतील पट्टी रबरी पिशवीला दाबते व सोडताच पिशवी फुगून शाई शोषते. कॉंक्लिन झरणीत तरफेऐवजी दांडीबाहेर डोकावणारी धातूची चंद्रकोर असते. पेलिकान कंपनीने १९२९ मध्ये मळसूत्री दट्ट्याची झरणी आणली. पार्करची ‘व्हॅक्युमॅटिक’ (१९३३) रबरी पडद्याच्या हालचालीने भरते. शेफरच्या ‘स्नॉर्कल’मध्ये (१९५२) निबेखालून एक बारीक नळी बाहेर येते व निब कोरडीच राहते. या शेवटच्या दोहोंची दुरुस्ती अनुभवी कारागिराखेरीज कोणी करू नये.

ओळखीत चूक होण्याचा संभव सर्वाधिक असतो तो ‘ओनोटो’ या इंग्लिश झरणीच्या बाबतीत. टॉमस डी ला रू या कंपनीने ती १९०५ मध्ये बाजारात आणली. काळी, सडपातळ, तरफविरहित असल्याने ती ड्रॉपरची झरणी समजली जाते. परंतु दांडीच्या मागील टोकाशी एक बारीक सांधा असतो. ते टोक फिरवून सैल केले व मागे ओढले की त्यासोबत एबोनाइटची लांब सळई बाहेर येते. तिच्या आतील टोकास वर्तुळाकार चकती बसविलेली असते. निब शाईत बुडवून सळई आत ढकलताना चकतीच्या मागे निर्वात निर्माण होतो. सळई शेवटास पोहोचते तेथे दांडीचा आतील व्यास किंचित मोठा केलेला असतो. चकतीची पकड सुटताच बाहेरील हवेचा दाब शाईला कडेने वर लोटतो व एका झटक्यात झरणी भरते. यात आणखी एक खुबी आहे. मागील टोक पूर्ण आवळले असता सळईचे पुढील टोक जिभेकडे जाणारी वाट बंद करते. त्यामुळे प्रवासात शाई गळत नाही. मात्र सलग लिहावयाचे तर टोक थोडे सैल ठेवावे लागते. ही गोष्ट ठाऊक नसल्याने धडधाकट ओनोटो ‘बंद पडली’ म्हणून उघडल्या जातात. वाळलेल्या चकतीसह सळई जोराने ओढल्यास ती मोडते, आणि ती सळईच या झरणीचा प्राण होय. योग्य रीत अशी, की मागील टोकातून आडवी जाणारी बारीक खीळ हलकेच ठोकून काढावी, टोक सळईपासून वेगळे करावे, पकड-भाग उतरवावा व सळई पुढच्या बाजूने बाहेर घेऊन चकती बदलावी. मागील सळईभोवतीचे शाईरोधक बूचही त्याच वेळी नवे घालावे. ते जुने राहिल्यास निर्वात टिकत नाही आणि चकती बदलूनही झरणी अर्धीच भरते.

अशीच फसवी दुसरी झरणी म्हणजे जिची निब दांडीत मागे ओढली जाते ती ‘सेफ्टी’ झरणी. हिच्यात निब पूर्ण आत घेऊन, झरणी उभी धरून, समोरच्या तोंडातूनच शाई ओततात. निब बाहेर असताना टोपण लावले तर ती चेपलीच म्हणून समजावे.

निबेची साक्ष : निबेवरील मजकुरावरून झरणीचे नाव ठरविण्याची प्रथा आहे, पण ही साक्ष दुबळी. निब हा सर्वांत जास्त वेळा बदलला जाणारा भाग होय. भारतीय दांडीत परदेशी निब आणि परदेशी दांडीत बाजारातील पेन दुरुस्त करणाऱ्याने बसविलेली स्वस्त पोलादी निब, असे दोन्ही प्रकार नेहमी आढळतात. १४ कॅरटची निब म्हणजे जिच्यात सु. ५८·५ टक्के सोने आहे अशी. ती शाईतील आम्लाने गंजत नाही. टोकावरील कठीण मणी मात्र सोन्याचा नसून ऑस्मियम, इरिडियम अशा धातूंच्या मिश्रणाचा असतो. भिंगातून पाहिल्यास तो शाबूत आहे की नाही ते कळते. मणी गेलेली निब वाकवून वा घासून पूर्ववत होत नाही. खऱ्या ओळखीसाठी निब, टोपणाची पट्टी, क्लिप व दांडीवरील छाप यांचा परस्परांशी मेळ पाहावा. छाप पुसट असल्यास प्रकाश तिरका पाडावा किंवा त्यावर खडूची पूड हलक्या हाताने फिरवावी; अक्षरे बहुधा उमटतात.

दुरुस्ती : ड्रॉपरच्या झरणीची मुख्य तक्रार गळतीची. सांध्यातून शाई येत असेल तर आटे स्वच्छ करून त्यांवर सिलिकोन ग्रीसचा पातळ थर द्यावा. व्हॅसलीन वापरू नये; खनिज तेलाने रबर कालांतराने फुगते. आटे झिजलेले असल्यास मेणावलेल्या सुती दोऱ्याचे एक-दोन वेढे देण्याची जुन्या कारागिरांची रीत आजही उपयुक्त आहे.

निबेतून एकदम पडणाऱ्या शाईच्या थेंबांचे कारण वेगळे आहे व वऱ्हाडच्या हवामानात ते नीट समजून घेणे अगत्याचे ठरते. वाशीम जिल्ह्यात (१ जुलै १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्याचा भाग) मे महिन्यात दुपारचे तापमान ४०° से. च्या वर जाते. सकाळी २५° से. ला भरलेली झरणी दुपारी ४०° से. ला पोहोचली, तर दांडीतील हवेचे आकारमान सुमारे एक दशांशाने वाढते. यातील जवळजवळ अर्धी वाढ हवेच्या प्रसरणाची व उरलेली शाईतील पाण्याच्या वाफेची असते. दांडीत दीड घ. सेंमी. हवा असेल, तर ०·१५ घ. सेंमी. शाई, म्हणजे सुमारे तीन थेंब, बाहेर लोटली जाते आणि शर्टाच्या खिशाला डाग पडतो. झरणी भरलेली असताना आत हवा थोडी असल्याने हा उपद्रव कमी होतो. शाई जसजशी संपते तसतसा तो वाढतो. म्हणून एक तृतीयांश शाई उरली की झरणी पुन्हा भरावी, खिशात निब वर ठेवावी आणि लिहिण्यापूर्वी टोपण निब वरच्या बाजूस धरूनच काढावे. एबोनाइट हे उष्णतेचे मंदवाहक असल्याने जाड दांडीची झरणी हाताच्या उबेने लवकर तापत नाही, हा भारतीय कातीव झरणीचा दुर्लक्षित गुण होय. अशा झरणीत गळती थांबविण्यासाठी जीभ बदलण्याची घाई केली जाते, ती बहुतेक वेळा अनाठायी असते.

तरफेच्या झरणीत बिघडते ती रबरी पिशवी. कित्येक वर्षांनी ती कडक होऊन तुटते किंवा डांबरासारखी चिकट होते. अशा वेळी तरफ जबरीने उचलू नये. पिशवी कडक असल्यास तरफ किंवा तिची खीळ मोडते. प्रथम पकड-भाग दांडीपासून वेगळा करावयाचा असतो. तो आट्यांचा आहे की नुसता दाबून बसविलेला आहे हे पाहून सांध्याला कोरडी ऊब द्यावी. तापमान ६०° से. च्या पुढे जाऊ देऊ नये. हाताला सोसवेल इतकीच उष्णता, हे व्यवहारातील माप पुरेसे आहे. मेणबत्ती वा गॅसची ज्योत सर्वथा वर्ज्य. हाताला पकड हवी असल्यास रबरी कापड घ्यावे, लोखंडी पकडीच्या दातांचे व्रण एबोनाइटवर कायम राहतात. एकदा ऊब देऊन सांधा सुटला नाही तर थांबून दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करावा. सुटल्यावर जुन्या पिशवीचे सर्व तुकडे काढून, आतील दाबपट्टी गंजली नाही ना हे तपासावे. नवी पिशवी पकड-भागाच्या मागील नळीवर ताण न देता बसेल इतक्या व्यासाची असावी. ती जोडण्यास चपड्या लाखेचे स्पिरिटमधील द्रावण वापरतात. लाख शाईला दाद देत नाही आणि पुढे ऊब दिली की सुटते. झटपट चिकटणारे आधुनिक डिंक येथे वापरले की पुढच्या दुरुस्तीची वाटच बंद होते. पिशवीला बाहेरून टाल्कची पूड लावून झरणी जोडावी आणि लाख वाळण्यास रात्रभर अवधी द्यावा.

निब दुरुस्त करणे म्हणजे बहुधा तिला हात न लावणे. वाकडी दिसणारी निब पुष्कळदा केवळ जिभेपासून सुटलेली असते. भिंगातून तिची दोन्ही टोके एका पातळीत आहेत का, चीर टोकाकडे किंचित निमुळती होते का, एवढे पाहून नखाच्या हलक्या दाबाने ती जुळवावी. खरखरीत पॉलिश कागदावर घासून निब ‘चालू’ करण्याचा उपाय मणी संपवितो.

शाई : कारंजा येथील दिगंबर जैन भांडारांतील जुन्या हस्तलिखितांची अक्षरे शतकानुशतके काळी राहिली आहेत. अशा हस्तलिखितांची पारंपरिक शाई काजळी व डिंक यांपासून तयार होई, आणि कार्बन उजेडाने वा हवेने उडत नाही. मात्र टिकाऊपणा देणारे हेच कण आणि डिंक झरणीच्या जिभेतील खाचा कायमच्या बुजवितात. म्हणून बोरूची किंवा चित्रकाराची काळी शाई झरणीत घालू नये. झरणीची शाई पाण्यात विरघळणाऱ्या रंगाचीच हवी. लोहयुक्त निळी-काळी शाई आम्लधर्मी असल्याने सोन्याच्या निबेला चालते, साध्या पोलादी निबेला नव्हे. जुन्या झरणीत वाळलेली शाई काढावयाची असल्यास फक्त निब व जीभ थंड पाण्यात काही मिनिटे धरावीत, पाणी बदलावे आणि ते स्वच्छ येईपर्यंत हे करावे. एबोनाइटचा पकड-भाग शक्य तितका कोरडा ठेवावा. लाल किंवा जांभळ्या शाईचे पाणी दोन-तीन दिवस रंगीत येत राहते, त्याने घाबरण्याचे कारण नाही. झरणी दीर्घकाळ वापरावयाची नसेल, तर शाई काढून, धुऊन, टोपण सैल ठेवून ती उजेडापासून दूर ठेवावी. सेल्युलॉइडची झरणी बंद डबीत व इतर झरण्यांबरोबर ठेवू नये, कारण विघटन सुरू झाल्यास तिच्यातून निघणारे नायट्रिक वायू शेजारच्या झरण्यांच्या धातूवरही चढतात.